उभ्याच्या तिकिटावर बसून ऐकलेलं गाणं

नांदेडहून दत्ताचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले होते. "मोठीमाय, माय गेली," तो म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. मी विचारलं, "झोपेत का?" तो म्हणाला, "हाव. चहाला उठवायला गेलो तर..." मी म्हणाले, "बरं झालं." हे दोन शब्द घरातल्यांनी ऐकले, शेजारच्यांनी ऐकले, आणि आम्ही नांदेडला पोचायच्या आत ते तिथंही पोचले होते. सख्खी जाऊ मेली आणि ही म्हणते बरं झालं. दहाव्याला दोन बायका माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या. मयताच्या घरी भांडण बरं दिसत नाही, म्हणून तेव्हा सोडून दिलं. पण आता महिना उलटून गेलाय, रडायचं ते रडून झालंय, तेव्हा का बरं झालं ते लिहून टाकते.

सुंदर माझी धाकटी जाऊ. माहेर भालकीकडचं. उदगीरला आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा अर्धं बोलणं कानडी. नको म्हणायचं असलं की 'बेडा' म्हणायची आणि ते तिचं शेवटपर्यंत सुटलं नाही. घरातली लेकरंसुद्धा नको असलं की 'बेडा' म्हणायला शिकली. मला ती अक्का म्हणायची. आमचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं असं काही नाही. आम्ही लई भांडलो. मिठावरून भांडलो, पाण्यावरून भांडलो, एकदा एका कोंबडीवरून आठ दिवस बोललो नाही. ती कामाला हळू होती. हळू म्हणजे आळशी नाही, पण तिचा कान फार वाईट. वाईट म्हणजे फार चांगला. लांब कुठं भजनाचे टाळ वाजले, लग्नातली सनई ऐकू आली, की हिचा हात थांबायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. तिच्या हातच्या करपलेल्या भाकरी या घरानं जन्मभर खाल्ल्या. तिचा बाप गावाकडं भजनी मंडळात टाळकरी होता. ही लहानपणी त्याच्या मागं बसून झोपी जायची आणि कोणी बेसूर झालं की जागी व्हायची, असं तीच सांगायची. स्वतःचा गळा मात्र फुटक्या घागरीचा. अंगाईसुद्धा म्हणायची नाही. दत्ताला मीच निजवलंय.

दोघींचे नवरे पुढंमागं गेले. दत्ता वीज मंडळात लागला आणि नांदेडला राहिला. माझा मुलगा इथंच शेती बघतो. सुंदर नांदेडला जायची, पंधरा दिवसांत परत यायची. तिथं तिसऱ्या मजल्यावर करमत नाही म्हणायची. माझी नात पूजा हैदराबादला नोकरीला आहे. तिनं नवा मोबाइल घेतला आणि जुना धाकट्या आजीला दिला. तिथून पुढं या घरात एका माणसाची भर पडली, तो म्हणजे मोबाइलमधला एक गाणारा पोरगा. पंजाबकडचा असावा. सुंदरला त्याची निम्मी भाषा कळायची नाही. मी म्हणायचे, "काय म्हणायलाय ते कळायलंय का तुला?" ती म्हणायची, "शब्द कळंनात, पण हसायलाय का रडायलाय ते कळायलंय. तेवढं बास हाय." भांडी घासताना तो, कापूस वेचताना तो, देवपूजेलाही तो. मी एकदा म्हणाले, "देवाला तरी सोड." तर म्हणते कशी, "देवालाबी ऐकू दे की. रोज तुझी कटकट ऐकून कंटाळला असंल."

आणि मग तिचा कान जायला लागला. आधी आम्हाला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करते. तशी सवय तिला होतीच. पण एका सकाळी मोबाइल अगदी डाव्या कानाला लावून, डोळे मिटून बसली होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मोबाइल चालू होता. मला ओसरीपर्यंत ऐकू येत होता. दत्तानं तिला लातूरच्या कानाच्या डॉक्टरकडं नेलं, मीही गेले. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. डॉक्टर चांगले होते, सरळ बोलले. आतली नस वाळत चालली आहे, डावा कान संपलाच, उजव्यात थोडं शिल्लक आहे, तेही हळूहळू जाणार. यंत्र लावा, काही दिवस काम भागेल. आणि मोठा आवाज टाळा. लग्नात डीजे लागला तर घरात बसा. दत्तानं हे सगळं तिच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. सुंदरनं एकच विचारलं, "गाणं किती दिवस ऐकू यील?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

यंत्र लावलं. त्यात माणसाचं बोलणं बरं ऐकू यायचं, पण गाणं नाही. ती म्हणाली, "पत्र्यावर वाळू टाकल्यागत वाजायलंय." मोबाइल तिनं कपाटात ठेवून दिला. भाकरी करपायच्या बंद झाल्या. सुनेला बरं वाटलं. मला मात्र ती नीट शेकलेली भाकरी खाववेना, खोटं कशाला बोलू.

तो पोरगा हैदराबादला येणार, मोठ्या क्रिकेटच्या मैदानात गाणार, हे पूजानं फोनवर सहज सांगितलं. "आजी, तिथं आवाज इतका मोठा असतो ना, छातीत वाजतो." मी ते सुंदरला ओरडून सांगितलं. सांगायला नको होतं असं तेव्हा क्षणभर वाटलं, कारण तिचे डोळे एकदम जागे झाले. "छातीत वाजतो म्हणजे कानाचं काय कामच न्हाई," ती म्हणाली. दत्ताला कळलं तसा तो नांदेडहून आलाच. म्हणाला, "मोठीमाय, तिचा हट्ट असंल, पण तुला तरी कळाया पाहिजे. जेवढं ऐकू यायलंय तेवढं तरी टिकू द्या. डॉक्टर म्हणालाय डीजेपसून लांब ऱ्हावा, आन् तुम्ही त्याच्या तोंडात जायलाव?" त्याचं काही चूक नव्हतं. आईचा उरलासुरला कान त्याला जपायचा होता. उद्या ती ठार बहिरी झाली तर तिनं त्याचं, नातवंडांचं बोलणं कसं ऐकायचं? मी सुंदरला म्हणाले, "पोरगं खरं बोलायलंय. जेवढं हाय तेवढं साठवून ठेव." ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कशासाठी साठवू अक्का? तुझे टोमणे ऐकाया?" दत्ता हसला नाही. मला हसू आलं. पण नंतर अंथरुणावर पडल्यावर मी विचार केला. वाळलेल्या विहिरीच्या तळाला दोन घागरी पाणी राहिलं तर काय करायचं? झाकून ठेवलं तरी ते आटणारच. सकाळी उठून पूजाला फोनवर म्हणाले, तुझ्या तिकिटाबरोबर आणखी दोन काढ, धाकट्या आजीचं आणि माझं. दत्ता नांदेडला परत गेला होता, त्याला मी फोनवर कळवलं. चोरून काही केलं नाही. म्हणाले, "तिचा कान गेला तर दोष माझा. तू मला बोल." त्यानं फोन ठेवून दिला.

निघायच्या दिवशी सुंदरच्या पिशवीत काय असावं? धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ते ठीक आहे. त्याच्याखाली एक सोललेला नारळ, नवा टॉवेल आणि पांढरी टोपी. मी विचारलं, "ही कोणाची?" म्हणाली, "गाणाऱ्याची." आमच्याकडं कीर्तनकार येवो, भारूडवाला येवो, कार्यक्रम झाला की टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन त्याचा मान करायचा, ही रीतच आहे. तिच्या बापानं तिला सांगितलं होतं की गाणाऱ्याचं रिकाम्या हातानं ऐकू नाही, ते उधारीत जातं. मी म्हणाले, "अगं, तो तुला भेटणार हाय का?" म्हणाली, "भेटंल की. एवढ्या लांबून चाललाव." मला तरी काय माहीत होतं? मीही तोवर जेवढे गाणारे बघितले ते सगळे कार्यक्रम झाल्यावर आमच्या पंक्तीला जेवायला बसलेले.

उदगीरहून गाडीनं हैदराबादला पोचलो, पूजाच्या खोलीवर अंघोळ केली आणि ऊन उतरायच्या आत मैदानावर गेलो. पूजानं आधीच सांगितलं होतं की खुर्चीची तिकिटं संपली, उभ्याचं तिकीट मिळालंय. मला वाटलं उभ्याचं म्हणजे बसायला जागा मिळेपर्यंत उभं राहायचं, एसटीसारखं. दारात बायकांची वेगळी रांग होती. वर्दीतली एक धिप्पाड बाई पिशव्या तपासत होती. तिनं धपाटे काढले, बाजूला ठेवले. मग नारळ हातात घेतला आणि बघतच राहिली. "अम्मा, ये क्या?" मी दखनी हिंदीत सांगितलं, नारियल है. "नारियल तो दिखताच है. अंदर नै ले जा सकते." मी म्हणाले, "कायकू?" म्हणाली, "कोई फेंक के मारा तो?" सुंदरला काही ऐकू येईना, ती माझी बाही ओढायला लागली. "काय म्हणायली ती?" मी ओरडून सांगितलं, "म्हणायली, तू नारळ फेकून मारशील." "कोणाला?" "गाणाऱ्याला!" सगळी रांग बघायला लागली. सुंदर त्या बाईकडं वळली आणि ठासून म्हणाली, "मारायचं असतं तर उदगीरहून नारळ कशाला आणला असता? हितं दगड न्हाईत का?" पूजानं कपाळाला हात लावला. त्या बाईला मराठी किती कळलं कोणास ठाऊक, पण ती हसली. म्हणाली, "फोड के खा लेव अम्मा, और जाव." सुंदरनं नारळ तिच्याच हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, तूच फोड. तिनं फुटपाथच्या कडेवर एका फटक्यात फोडला. रांगेतल्या पोरींनी खोबरं खाल्लं. टॉवेल-टोपी मात्र तिनं उलटून-पालटून बघितली आणि आत जाऊ दिली.

आत गेल्यावर कळलं, उभ्याचं तिकीट म्हणजे शेवटपर्यंत उभंच. जिकडंतिकडं तरणी पोरं. माझे गुडघे आधीच बोंबलत होते. सुंदरनं इकडंतिकडं बघितलं, "बायकांची बाजू कुठली?" असं विचारलं, तशी बाजूच नाही म्हटल्यावर अंगावरची शाल काढून जमिनीवर अंथरली आणि मांडी घालून बसली. मीही बसले. पूजा म्हणाली, "आजी, इथं कोणी बसत नाही! तुडवतील तुम्हाला." मी म्हणाले, "तुडवू दे." खरंच भीती वाटत होती, पण उभं राहणं होणारं नव्हतं. बसल्यावर काय दिसणार? पायच पाय. पण पोरं वाईट नव्हती. आमच्याभोवती आपोआप एक रिंगण झालं. देगलूरची एक पोरगी होती, तिनं आमचं बोलणं ऐकून वळून विचारलं, "मावशे, कुठल्या तुम्ही?" उदगीर म्हटल्यावर तिनं आपल्या मैत्रिणींना पाठीशी उभं केलं आणि कोणी मागं सरकलं की, "अरे बघून, आमच्या आज्या बसल्यात," म्हणून ओरडायची.

वाजायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कुठं तरी इमारत पडली. सुंदरनं कानातलं यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी मूठ बंद केली तर ते मुठीत बारीक शिट्टी मारायला लागलं. माझे दोन्ही कान चांगले, मला तो आवाज सोसवत नव्हता. मी तिच्याकडं बघत होते. माझ्या मनात एकच, आता हिचा उरलेला कान जाणार आणि दत्ताला मी काय तोंड दाखवणार. ती हलली नाही, डोललीसुद्धा नाही. दोन्ही तळवे जमिनीवर पसरून, मान खाली घालून बसली, पेरणीआधी माणूस ओल बघतं तशी. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. पोरं नाचत होती, पाय आपटत होती. मग वाजवणारे जरा थांबले आणि तो पोरगा एकटाच गायला लागला... ते तिचं गाणं होतं, घरात दिवसातून दहादा वाजणारं. मला वाटलं आता हिला काही ऐकू यायचं नाही, जमिनीतून काय एकट्याचा गळा येतो? सुंदरनं मान वर केली. माझ्या मांडीवर हात ठेवला आणि ताल धरला. मी मुद्दाम गाण्याशी जुळवून बघितलं. ती चुकत नव्हती. तिचं तोंड... मी ते तोंड लग्न होऊन आली तेव्हापासून बघत होते, पण असं कधी बघितलं नव्हतं. मी वर पायांच्या गर्दीकडं बघत राहिले.

संपल्यावर ती टॉवेल-टोपी घेऊन पुढं निघाली. मंचाच्या खूप अलीकडं लोखंडी कठडे होते, त्याच्यापुढं कोणाला सोडत नव्हते. गाणारा तर कधीच निघून गेला होता. मला वाटलं आता ही रडते की काय. तिनं टॉवेलाची घडी कठड्यावर ठेवली, वर टोपी ठेवली, हात जोडले आणि वळली. म्हणाली, "पोचलं." मी म्हणाले, "कोणीतरी उचलून नेईल." ते तिला ऐकूच आलं नाही.

आणि पुढंही काही ऐकू आलं नाही. यंत्र घातलं तरी नाही. गाडीत मी तिच्या उजव्या कानात ओरडले, तिनं फक्त मान हलवली. कानात भुंगे घोंगावताहेत म्हणाली. दत्ता उदगीरला येऊन बसलेलाच होता. आईशी बोलून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "झालं समाधान? तिला ऐकू तरी आलं का काही, का नुसताच कान घालवून आलाव?" दोष माझा म्हणून मी आधीच सांगितलं होतं. सुंदरला त्याचा सवाल ऐकू गेला नसणार, पण चेहरा वाचता येतोच. ती त्याला म्हणाली, "त्यानं दुसरं कडवं गाळलं रे. एवढ्या लांबून गेलाव आन् दुसरं कडवंच गाळलं त्यानं." दत्ता माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, मला काय विचारतोस, मला सगळी कडवी सारखीच. त्यानं पूजाला फोन लावला. पूजानं तिथं मोबाइलवर ते गाणं टिपून ठेवलं होतं, ते लावून बघितलं आणि म्हणाली, "हो काका, दुसरं कडवं गायलाच नाही तो. मला तर कळलंही नव्हतं." दत्ता फोन हातात धरून तसाच बसला. मग आईच्या पायाशी बसून हसायला लागला, आणि मग हसणं थांबेना, तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले.

कान मात्र बंदच होता. दोन-चार दिवस मी नीट जेवले नाही. दत्ता समजला होता, पण कान दत्ताचा नव्हता. मग एका दुपारी सुंदर माझ्याकडं पाठ करून लसूण सोलत बसली होती. यंत्र कानात होतं. मी मनातलं मनात म्हणावं तसं पुटपुटले, "या बयेनं माझ्या गळ्यात चांगला धोंडा बांधला." तशी मान न वळवता ती म्हणाली, "बया तू. ऐकायलाव आम्ही." मी तिथंच खाली बसले. एवढं हायसं मला माझी बाळंतपणं सुटल्यावरही वाटलं नव्हतं.

उजवा कान मग डॉक्टर म्हणाले होते तसाच, त्याच्या त्याच्या चालीनं गेला. लातूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली, आम्ही काही विचारलं नाही. शेवटचं वर्ष तिला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून लोक म्हणतात बिचारी. ती बिचारी नव्हती. आपल्या हातानं खायची, आपल्या पायानं फिरायची, मिठावरून भांडायची. अधूनमधून तव्यापाशी तिचा हात थांबायचा आणि भाकरी करपायची, तेव्हा मी समजायचे की आत काहीतरी वाजतंय. नांदेडला दत्ताकडं गेली आणि झोपेतच गेली. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कोणाचे हात धरणं नाही. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर तिचं ते गाणं ऐकायचं राहून गेलं असं काही ओझं माझ्या डोक्यावर नाही. ते असतं तर मी फोनवर बरं झालं म्हणू शकले नसते. म्हणूनच म्हणाले, आणि अजूनही म्हणते.

घर आता शांत झालंय असं वाटेल, तर तसंही नाही. एवढी वर्षं तिच्याशी ओरडून बोलायची सवय लागली, ती माझ्या गळ्यातून जाईना. मीठ दे, दार लाव, दूध उतू चाललंय, सगळं मी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलते. परवा सून म्हणाली, "आत्याबाई, जरा हळू बोला, आम्हाला ऐकू येतं." मी म्हणाले, बरं. आणि ते 'बरं'सुद्धा एवढ्या मोठ्यानं निघालं की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. बघू दे. ज्यांना ऐकू येतंय त्यांनी ऐकून घ्यावं.